नळीवरचा नऊ

१४ जून, बुधवार

लागला. परवाना लागला — माझ्या नावाने!

रानमेंढ्याच्या शिकारीचा, ब्रेक्समधला, म्हणजे नदीकाठच्या त्या ओसाड घळींतला. सोडत निघते, लोक जन्मभर अर्ज करतात आणि तसेच मातीत जातात. मी एकोणतीस वर्षं करतेय. म्हणजे मी कसली, माझा नवरा, व्हर्लिन, करतो. दर वसंतात दोन फॉर्म भरतो, एक त्याचा, एक त्याच्याच हौसेखातर माझा, आणि मी खाली सही ठोकते. त्याची स्वतःची चौतीस वर्षं झाली. त्याला यंदाही नकारच.

फोन त्याच्यासमोर धरला. त्याने दोनदा वाचलं. "बरं झालं, आर्डिस," म्हणाला आणि अंगणात गवत कापायच्या यंत्राखाली जाऊन आडवा झाला. यंत्राला काहीही झालेलं नाही, मला माहीत आहे. जेवायला हाका मारून दमले.

कार्यालयात फोन करून विचारलं, परवाना नवऱ्याच्या नावावर करता येतो का. बाई हसली.

१६ जून

दोन दिवसांत नवऱ्याचं एकूण बोलणं: "मीठ दे."

२ जुलै, रविवार

चर्चहून आल्यावर व्हर्लिन तळघरातून "नऊ" घेऊन वर आला आणि ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. "हीच न्यायची," म्हणाला. म्हणजे रुसवा संपला असावा. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, रडूच आलं.

ही रायफल सासऱ्यांची. आयनार क्वामे — शेतीची यंत्रं आणि बंदुका दुरुस्त करायचे, आसपासच्या तीन गावांत त्यांच्या हाताला तोड नव्हती. हिची नळी त्यांच्याच दुकानात घडली, चौऱ्याहत्तर साली. नळीच्या आत खाचा असतात, स्क्रूच्या आट्यांसारखा पीळ घेत गेलेल्या. त्यांच्यामुळे गोळी गरगरत बाहेर पडते. किती इंचांत तिचा एक पूर्ण फेरा होतो, तो पिळाचा आकडा. हिचा नऊ. नळीच्या पोटाखाली सासऱ्यांनी हातोड्याने ठोकलेला 9 आहे. म्हणून घरात, चर्चमध्ये, धान्याच्या कोठारावर, सगळीकडे हिचं नावच "नऊ". सासरे गेले तेव्हा पाद्रीबुवांनीसुद्धा प्रवचनात हिचा उल्लेख केला होता.

माझी अट एकच, शिशाची गोळी नाही. मार्चमध्ये मी शाळेची बस चालवते त्या रस्त्यावर एक सोनेरी गरुड पडला होता. कुणीतरी टाकलेल्या हरणाच्या आतड्यांतलं शिसं त्याच्या पोटात गेलेलं. मुलांना शाळेत सोडून आले आणि त्याला जाकिटात गुंडाळून डॉक्टरकडे नेलं, वाटेतच गेला. व्हर्लिनने वाद घातला नाही. "तांबं तर तांबं." लांब पल्ल्याच्या तांब्याच्या गोळ्यांच्या दोन डब्या आणल्या.

गोम अशी की तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आणि लांब गोळी जास्त जोरात फिरवावी लागते, नाहीतर दमलेल्या भोवऱ्यासारखी डुलते. डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय — आठ किंवा त्याहून घट्ट पीळ. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट, एवढं मलाही कळतं. व्हर्लिनला दाखवलं.

"डब्या वकील लिहितात," तो म्हणाला. "आठ आणि नऊ शेजारी राहतात."

१९ ऑगस्ट, शनिवार

घरामागच्या माळावर गोळ्या मारून बघितल्या. उकाडा पंच्याण्णव फॅरनहाइटचा, बंदुकीची नळी हाताला चटके देत होती. दोनशे यार्डांवरून पाच गोळ्या. पाचही भोकं गोल, एका बशीत मावतील अशी. व्हर्लिनने कागद खांबावरून काढला आणि कितीतरी वेळ धरून उभा राहिला. मग चक्क शीळ घालत घरी आला. स्वयंपाकघरात मला गोल फिरवलं! कित्येक वर्षांत असं केलं नव्हतं त्याने. एका कागदाचं एवढं काय, असं मनात आलंच.

मला मात्र चैन नाही. दुपारी डेल्मरकडे गेले. डेल्मर गावातला बंदूकवाला, सासऱ्यांनंतर सगळे त्याच्याकडेच जातात. कागद बघून त्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, उन्हात हवा पातळ असते, वर तुमचं घर चार हजार फुटांवर, अशा हवेत कसलीही गोळी सरळ जाते. नोव्हेंबरात खाली नदीकाठी गारठ्याने हवा दाट झाली की जेमतेम सरळ जाणारी गोळी कोलमडते. नऊ खरोखर नऊ असेल तर निभेल. आठाची नळी बसवली तर प्रश्नच नाही. पण काय ते सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत सांग, सहा आठवडे लागतात.

"नऊ खरोखर नऊ असेल तर" — हे तो बोलला आणि मला खटकलं.

घरी येऊन नळी बदलण्याचा विषय काढला. व्हर्लिनची शीळ बंद.

"बाबांची नळी कुणी उतरवायची नाही."

२५ ऑगस्ट, शुक्रवार

व्हर्लिन बैल विकायला गेलाय. मी रायफल मोजली. चोरासारखी, स्वतःच्या घरात.

नळी साफ करायच्या गजाला घट्ट फडकं लावलं, नळीत सरकवलं. खाचांत फडकं पकडलं की गज आपोआप फिरतो. गजावर खूण केली, ती पुन्हा वर येईपर्यंत हळूहळू ढकलला आणि किती आत गेला ते टेपने मोजलं.

सव्वादहा.

फडकं घसरलं असेल म्हणून नवीन लावलं. सव्वादहा. चहा प्यायले, हात धुतले, तिसऱ्यांदा. सव्वादहा.

नऊ नाही. नऊच्या आसपाससुद्धा नाही. ज्यांच्या हाताला तीन गावांत तोड नव्हती त्या माणसाने नळीवर धडधडीत खोटा आकडा ठोकलाय, आणि सगळं गाव पन्नास वर्षं त्याला नऊ म्हणतंय.

सगळं होतं तसं ठेवलं. फडकी चुलीत घातली.

२६ ऑगस्ट

सांगितलं नाही. त्याने बाजारातल्या एका वासराच्या गमती सांगितल्या, मी हसले.

४ सप्टेंबर, सोमवार, कामगार दिन

डेल्मरला फोन करायचा आजचा शेवटचा दिवस. तीनदा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा व्हर्लिन दारात आला आणि म्हणाला, बाबा असते तर तुझ्यासोबत ब्रेक्समध्ये आले असते, लंगडत का होईना. फोन ठेवून दिला.

भित्री आहे मी. सत्तर पोरांना बसमध्ये एका नजरेने गप्प करते आणि घरात एक आकडा तोंडातून निघत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

ब्रेक्समध्ये जाऊन आलो, नुसतं बघायला. आणि दिसला!

घळीच्या पलीकडे, मातीच्या कड्यावर आडवा बसलेला. शिंगं पूर्ण वळून टोकं डोळ्यांच्याही वर गेलेली, उजवं टोक झिजलेलं. साडेतीनशे यार्ड तरी असेल. व्हर्लिन दुर्बिणीला डोळा लावून तासभर पालथा पडला होता, गुडघ्याखाली निवडुंग आहे याचंही भान नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, मलाही बघू दे, परवाना माझा आहे. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. बाजूला सरकला.

तिथेच मनात आलं: हा एकच मेंढा, हा एकच परवाना, पुन्हा या जन्मात नाही. आणि हवेत डुलणारी गोळी. खांद्यामागे लागायची ती पोटात लागली तर तो उठून त्या घळींत उतरेल आणि कुठल्यातरी झुडपाखाली दोन दिवस मरत पडेल. आम्हाला सापडणारही नाही. तसं झालं तर मी कुणाला दोष देऊ? सव्वादहा मला ऑगस्टपासून माहीत आहे.

११ नोव्हेंबर, शनिवार

काल वारा उत्तरेचा झाला. आज सकाळी शून्याखाली आठ. मी म्हटलं, अशा थंडीत एकदा मारून बघू. व्हर्लिन म्हणाला, कशाला गोळ्या वाया घालवतेस. तरी गेलो, खाली नदीच्या पुलाजवळ.

पाच गोळ्या, दोनशे यार्ड. दोन कागदाला लागल्याच नाहीत. दोन भोकं लांबोळकी. आणि एक तर गोळीचा अख्खा आडवा ठसा! गोळी कुशीवर झोपून गेली होती.

व्हर्लिन कागदाकडे बघत उभा. म्हणाला, थंडीने तुझा हात थरथरला.

तेव्हा माझा तोल गेला. हात थरथरला तर भोक बाजूला पडतं, आडवं पडत नाही. पुढचं सगळं बोलून टाकलं. मोजलंय म्हटलं, तीनदा मोजलंय, सव्वादहा आहे. मग आणखी चढले.

"तुझा बाप थापाड्या होता, व्हर्लिन. खोटा आकडा ठोकून नाव कमावलं, आणि तू पन्नास वर्षं ती थाप घासूनपुसून चकचकीत ठेवतोयस."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. रायफल खोक्यात ठेवली, खोक्याच्या कड्या एकेक करून लावल्या. घरापर्यंत अकरा मैल गाडी त्यानेच चालवली.

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी. सॉल्वेग, त्याची थोरली बहीण, सगळ्यांसमोर विचारते, "काय रे, बाबांची नऊ नेणार ना?"

"नेणार," म्हणाला माझा नवरा आणि लेफ्साला, म्हणजे बटाट्याच्या पोळीला, लोणी लावत बसला.

मी माझा कप न धुताच ठेवून निघाले.

१५ नोव्हेंबर

चार दिवस मूग गिळून बसलाय. मी ओव्हनमध्ये हॉटडिश भाजते, तो खातो, ताटली धुतो, "छान होतं" म्हणतो आणि गोठ्यात जातो. भांडला असता तर बरं झालं असतं! हंगाम सव्वीसला संपतो. घरी असले की मी सारखी खिडकीत उभी, बाहेरचा पारा बघते. मोज्यांचे जोड दोनदा लावून झाले.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारची फेरी संपवून बस घेऊनच डेल्मरच्या दारात. त्याच्याकडे आठाच्या पिळाची एक रायफल आहे, उसनी दे म्हटलं. तो तयार होता. पण त्याने एक भलताच प्रश्न विचारला: आयनार स्वतः त्या नळीतून काय मारायचा?

मला काय माहीत. घरी येऊन तळघर धुंडाळलं. सासऱ्यांच्या जुन्या तंबाखूच्या डब्यात काडतुसं सापडली, एकोणीस. सगळ्यांत आखूड गोळ्या. एकही लांब नाही! फळीवर मागे आणखी चार डबे, त्यांच्या हातचे भरलेले, तेच.

म्हणजे माहीत होतं त्यांना. पीळ सैल आहे हे पक्कं माहीत होतं, म्हणून जन्मभर आखूड गोळीच वापरली आणि वर लोकांना नऊ सांगत फिरले. माझा राग आणखीच वाढला. पण एक काडतूस घेऊन परत गेले तर डेल्मर हसला. म्हणाला, "मग सोपं आहे. नळीला जे पेलतं तेच तिला दे." तांब्याच्याही आखूड गोळ्या येतात, वीस भरून दिल्या. एक मात्र बजावलं — हलक्या आहेत, वाऱ्याने ढकलल्या जातात. दीडशे यार्डांच्या आत जाता आलं तरच घोडा दाब.

१८ नोव्हेंबर, शनिवार

पुलाजवळ एकटीच गेले. शून्याखाली पाच. पाच गोळ्या, पाच गोल भोकं, झाकणीखाली झाकतील एवढ्यात.

वळून बघते तर रस्त्यावर आमची जुनी पिकअप उभी. व्हर्लिन काच खाली करून बघत होता. हात केला तर काच वर घेतली आणि गेला.

२२ नोव्हेंबर, बुधवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली. शेवटचं पोर उतरवून घरी आले तर पिकअपमध्ये तंबू, स्टोव्ह, दोरखंड, दोन झोपायच्या पिशव्या. दोन.

"उद्या सॉल्वेगकडे टर्की खाऊन निघू," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. जास्त बोलले तर पिशवी काढून ठेवेल अशी भीती वाटली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच दिसला, तोच, झिजलेल्या शिंगाचा. पोटावर सरपटत दोनशे दहा यार्डांपर्यंत गेलो. पुढे उघडी जमीन. वारा उजवीकडून, गवत झोपवणारा. व्हर्लिन कानात म्हणाला की लांब गोळी असती तर जमलं असतं. मी घोड्यावरून बोट काढलं. मेंढा उठला, आळोखेपिळोखे दिले आणि घळीत उतरून गेला.

दिवसभर पुन्हा दिसला नाही. माझं बोट काढणं बरोबर होतं की मी पुन्हा भ्याले? तंबूत बसून लिहितेय, शाई गोठतेय, पेन्सिल घेतली. दोनच दिवस उरलेत.

२५ नोव्हेंबर, शनिवार

मिळाला.

सकाळी वारा पडला होता. व्हर्लिनने वाट काढली, घळीच्या तळातून, गोठलेल्या ओढ्यावरून. दोन तास लागले. त्याचा गुडघा कामातून गेलेला आहे तरी पुढे तोच. कड्याच्या टोकाशी येऊन त्याने नुसतं बोट वर केलं. एकशे तीस यार्ड. मेंढा आडवा उभा, नाकातून वाफ निघत होती.

मी दगडावर जाकीट ठेवलं, त्यावर रायफल. छाती इतकी धडधडत होती की दुर्बिणीतला मेंढा उड्या मारत होता. व्हर्लिनने माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि ठेवूनच राहिला. श्वास खाली बसला. घोडा दाबला.

तो जागेवर बसला, मग कलंडला. चार पावलंसुद्धा गेला नाही. खांद्यामागे एक भोक, गोल.

जवळ गेलो तेव्हा मी रडत होते, मेंढ्यासाठी, सुटकेसाठी, कशासाठी कोण जाणे. व्हर्लिन शिंगांवरची वलयं बोटाने मोजत होता. नऊ वर्षांचा निघाला. मला वाटलं त्याला त्याची चौतीस वर्षं आठवत असतील, तसं म्हटलंही. तो म्हणाला, छे गं, मी ते जूनमध्येच गिळलं. मग चाकू काढला आणि दोघांनी मिळून सोलला. पाठीवरून तीन खेपा. आतडी उघड्यावर ठेवली, गरुडांनी खुशाल खावीत.

त्या अकरा तारखेबद्दल माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तो दोरी आवळत होता.

२६ नोव्हेंबर, रविवार

हायवेला लागल्यावर व्हर्लिन समोर बघत बोलला.

"ती नळी बाबांनी कापली नाही, आर्डिस. मी कापली. एकोणीसचा होतो, पहिलीच. पीळ ठरवणाऱ्या पट्टीची खिट्टी चुकून शेजारच्या भोकात घातली, पीळ सैल पडला. गिऱ्हाइकं दारात उभी होती, नळी बघायला. यंदा ऑगस्टात ती भोकं गोल पडली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा." त्याने हीटर कमी केला. "बाबांनी गज घालून मोजलं. माझ्याकडे बघितलं. मग हातोडा घेऊन नऊ ठोकला आणि सगळ्यांना म्हणाले, ही माझी, विकायची नाही. मला म्हणाले, चल, आई जेवायला थांबलीय."